पुनरुत्थानाच्या साक्षीतून भीती वगळल्याबाबत

अर्जदार: मी स्वतः, वडवणीच्या तहसील कार्यालयासमोर लिंबाखाली अर्ज लिहिणारा, शिक्षण नववीपर्यंत, अनुभव त्याहून पुष्कळ. गैरअर्जदार: आमच्या ख्रिस्ती मंडळीतील शेळ्या राखणाऱ्या मावशी. घटनेचा दिवस: यंदाचा ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा रविवार, सकाळची उपासना. साक्षीदार: एक, पेटी वाजवणारे गृहस्थ, दोन, मंडळीच्या पंचांपैकी निवृत्त कंडक्टर, तीन, समस्त मंडळी. पैकी मागच्या सतरंजीवरील काहीजण निद्रिस्त असल्याने त्यांची साक्ष ग्राह्य धरू नये. प्रकरण घरातले असल्याने नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

पाळकसाहेब, आपल्याकडे चार गावांच्या मंडळ्या असल्याने आपण आमच्याकडे महिन्यातून एकदाच येता. उरलेल्या रविवारी उपदेश कोणी करावा, हा प्रश्न पंचांपुढे आला, तेव्हा लिहिता हात माझाच होता. आपण मला वर्षभराच्या शास्त्रपाठांचा छापील तक्ता दिलात आणि म्हणालात, "वचनाला धरून बोला." मी वचनाला धरले, फक्त त्यास रीतसर रूप दिले. प्रत्येक उपदेशाचे विषय, संदर्भ, वस्तुस्थिती आणि विनंती असे चार भाग केले. शनिवारी दुपारी गिऱ्हाईक ओसरले की लिंबाखालच्या त्याच टेबलावर मी रविवारचा मसुदा करीत असे.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार रविवार मी चार स्मरणपत्रे म्हणून मांडले. तारणारा येणार हे मंजूर आहे, प्रत्यक्ष येणे तेवढे प्रलंबित आहे. लोकांना हे तत्काळ समजले. तहसीलच्या व्हरांड्यात ज्यांच्या दुपारी गेल्या, त्यांना वाट पाहणे शिकवावे लागत नाही. नाताळानंतर पूर्वेकडचे ज्ञानी लोक आले. ते बाळाच्या चौकशीसाठी आधी हेरोद राजाकडे गेले, ही त्यांची चूक मी परखडपणे दाखवली. त्या राजाने मग गावातली तान्ही मुले मारवली; चुकीच्या कार्यालयात केलेली चौकशी दुसऱ्याच्या लेकरांवर शेकते. उपवासकाळात तारणाऱ्याला क्रुसावर देणारा रोमी सुभेदार पिलात आला. हात धुऊन प्रकरण पुढे ढकलणारा साहेब रंगवण्यास मला पुस्तक उघडावे लागले नाही. मान वर करून समोरच्या खिडकीकडे पाहिले, तेवढे पुरले.

पुनरुत्थानाच्या रविवारी मात्र तक्त्यात मार्काच्या शुभवर्तमानातला पाठ होता, आणि तो वाचून मी अस्वस्थ झालो. पहाटे स्त्रिया तारणाऱ्याच्या कबरेकडे जातात. धोंडा लोटलेला असतो. आत पांढऱ्या झग्यातला तरुण सांगतो की तो उठला आहे, जाऊन कळवा. आणि त्या काय करतात? थरथर कापत पळतात, आणि भीतीपोटी कोणाला काहीच सांगत नाहीत. पाठ तेथेच संपतो! ज्या घटनेवर साऱ्या मंडळीचा आधार, तिच्या पहिल्या साक्षीदारच पळून गेल्या, असे कोणता शहाणा लिहून देईल? बाकीची शुभवर्तमाने चाळली, तर स्त्रिया नक्की किती याचाच मेळ बसेना. म्हणून शनिवारी मी चारही वृत्तान्त समोर ठेवून त्या स्त्रियांचा एकच एकत्रित जबाब तयार केला: आम्ही पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, कबर रिकामी असल्याची खात्री करून संबंधितांस विनाविलंब कळवले. थरथर वगळली, पळणे वगळले, भीती वगळली. रविवारी उपदेश तर केलाच, पण पाठाच्या जागीही हाच जबाब वाचला.

तेव्हा मावशी उठल्या.

"मुन्शी, त्या बाया भ्याल्या व्हत्या. दर साली आयकते मी. ते कावून काढलं?"

"मावशी, भीतीने साक्ष कमजोर होते," मी समजावले.

"तुमची व्हत आसंल. आमचे मालक गेले, तवा तिसऱ्या दिशी मी एकटी फुलं घिऊन कबरस्तानात गेलते. फाटकातूनच पळाले. कुणाला बोलले न्हाई, आज बोलतेय. लई दिस वाटायचं, आपला इस्वासच खोटा हाय. मग ह्यो पाठ आयकला अन् जीव थंड झाला. त्याबी पळाल्या व्हत्या. तुमी एका कागदात त्यांला शान्या करून टाकलं. आता मी कुणापाशी बसू?"

मी उत्तरासाठी कागद चाळू लागलो. त्यात हा मुद्दा नव्हता.

"बस बे मुन्शी खाली," कंडक्टर पंच म्हणाले. "तिकिटं तू फाडली, पर गाडीत बाईच बसली."

लोक हसले. मग कंडक्टर पंचांनी पेटीवाल्यांना शास्त्रातून मूळ पाठ वाचायला लावला. पेटीवाले भीतीच्या शब्दापाशी आले आणि थांबले, कारण पुढे काही नव्हतेच. पुढच्या ओळीतल्या दोन बाया पदराने डोळे पुसत होत्या. माझ्या जबाबावर कोणी डोळे पुसले नव्हते, हेही नमूद करतो.

त्याच दिवशी पंचांनी तोंडी ठराव केला की पुढचे रविवार उपदेश मावशी सांगतील आणि मी पाठ वाचीन, तोही छापला आहे तसाच. यास माझी हरकत आहे. मावशींकडे कागद नसतो. गेल्या रविवारी पुनरुत्थानावर शंका घेणाऱ्या थोमा शिष्याविषयी बोलताना त्या मध्येच एका गाभण शेळीकडे वळल्या. विषय नाही, संदर्भ नाही, आणि शेवटी विनंतीही नाही; "एवढंच हाय" म्हणून खाली बसल्या. मागच्या सतरंजीवर कोणी झोपले नव्हते, हे मात्र प्रामाणिकपणे लिहितो. मीही नव्हतो.

सबब विनंती की, पन्नासाव्या दिवसाचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाचा, उपदेश मला परत मिळावा. मसुदा तयार आहे. त्या दिवशीच्या पाठात शिष्य भीतीने दारे लावून बसलेले आहेत. हे वाक्य मी दोनदा खोडले आणि तिसऱ्यांदा पुन्हा लिहिले. ते राहू द्यावे की काढावे, याचा निर्णय माझ्याने होत नाही. आपण तो करावा आणि उपासनेपूर्वी मला लेखी कळवावा. मंडळीसमोर तोंडी विचारू नये. तेथे निकाल मावशींच्या बाजूने लागेल, हे मला दिसत आहे. आणि तो चुकीचा असेल असेही मला आता शपथेवर सांगता येणार नाही. उत्तराची वाट पाहत आहे.

अर्जदार