अंजूरची दीदी

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. ताईने दहावीनंतर शाळा सोडून शिवणकाम धरलं, म्हणून मी झालो. त्यामुळे तिच्या मुलीच्या अभ्यासाचं, फोनचं, सगळं शेवटी माझ्याकडे येतं. रविवारी कामतघरला तिच्याकडे जेवायला जातो आणि ताटं मांडेपर्यंत भाचीला उपदेश करतो. ती मान डोलावते, बोटं फोनवर चालूच.

त्या रविवारी विषय मेसेजिंग ॲपचा निघाला.

"मामा, ते एन्क्रिप्टेड असतं. मधे कोणीच वाचू शकत नाही."

"मधल्यांचं जाऊ दे. पलीकडे कोण बसलंय ते कळतं का?"

"कळतं ना. माझी एक दीदी आहे. आपल्याच गावची, अंजूरची."

गावातल्या एका हळदीत भाची मैत्रिणीबरोबर नाचली होती. त्या रीलवर गावाचं नाव होतं आणि खाली या दीदीची कमेंट. तिथून दोघी या ॲपवर आल्या. मेसेज दिवसभरात आपोआप पुसले जातात, ती सोय दीदीनेच लावलेली. आता साडीच्या जाहिरातीसाठी तिला भाचीचे फोटो हवे होते. आईला नंतर सरप्राइज द्यायचं म्हणे.

"साडीतले फोटो?"

"आधी साडीतले म्हणाली होती," भाची हळूच म्हणाली. "मी अजून एकही पाठवला नाहीये."

फोन हिसकावून घ्यावासा वाटला. पण मग पुढच्या वेळी तिने मला काही सांगितलंच नसतं.

"गावची आहे ना? मग विचार, कोणाची तू?"

अंजूरला नवा माणूस दारात आला की पाणी देण्याआधी आजही हेच विचारतात.

"शी मामा, किती गावठी."

"मग आपण हायच गावठी."

तिने विचारलं. उत्तर आलं, रोडच्या बाजूची. आळी कुठली, आजोबा कोण? उत्तर आलं, तू पोलीस आहेस का? भाचीला आता मजा वाटू लागली. तिने सरळ कॉल लावला. रिंग गेली आणि कट झाली.

लगेच मेसेज आला, "माइक खराब आहे. फोटो पाठव, नाहीतर तुझ्या मैत्रिणीला घेते."

भाचीचं हसू गेलं. मी माझ्या फोनवर त्या मेसेजचे फोटो काढून घेतले. मग तिने ब्लॉक केलं, रिपोर्ट केलं. ते कुठे असतं हेही मला तिनेच दाखवलं.

ताई दारात उभी राहून ऐकत होती.

"आई, फोन काढून घेशील?"

"न्हाय. तुझा मामा उद्या पोलीस ठाण्यात जाईल. आधी चप्पल घाल, तुझ्या मैत्रिणीच्या घरी जाऊ."

मैत्रीण दोन गल्ल्या सोडून राहते. दार तिनेच उघडलं, कपाळावर टिकली, डोळ्यांत काजळ.

"फोटो पाठवलास?" भाचीने धापा टाकत विचारलं.

"कुठे? साडी काढायला आई कपाटाची चावीच देत नाहीये."

भाची तिचा हात धरून तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली.