मागचा जिना, डावीकडचं दार

पत्ता लिहिण्यात माझा हात चांगला आहे. आदिलाबादला कचेरीसमोर माझं अर्ज टाइप करून देण्याचं दुकान आहे. आता बहुतेक सगळं ऑनलाइन झालं, तरी माणसं समोरच्या बाकावर बसतात आणि पहिल्यासारखीच आपली कहाणी सुरुवातीपासून सांगतात. ज्या म्हाताऱ्या अर्जनवीसांच्या हाताखाली मी शिकलो, ते निजामाच्या काळापासून चालत आलेले शब्द वापरायचे. नावापुढे 'साकीन' लिहायचं, म्हणजे राहणार कुठला, आणि तिथं हात आखडायचा नाही, अशी त्यांची ताकीद होती. पत्ता न सापडून समन्स परत आलं की पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, गेली. म्हणून मी गल्ली लिहितो, गल्लीतली खूण लिहितो, दार कोणत्या बाजूला तेही लिहितो. माझ्या हातचा कागद सहसा परत येत नाही.

बहिणीचा पत्ताही मी तसाच लिहिला. हे आजवर घरात कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

धाकटी बहीण पैनगंगेच्या पलीकडच्या गावी दिलेली. नवरा घरात हात उचलायचा. बाहेर मात्र आवाजसुद्धा चढवायचा नाही. ती निघून आली की तो मागोमाग यायचा आणि नुसता बसायचा. आमच्या वडिलांच्या ओट्यावर बसला. ती शाळेत खिचडी शिजवायला लागली तर शाळेच्या फाटकाशी बसला. कुणी विचारलं तर म्हणायचा, बायकोची वाट पाहून राह्यलो. तक्रार तरी काय लिहायची? जन्मभर दुसऱ्यांच्या तक्रारी लिहिणारा मी, मलाच वाक्य सुचलं नाही. माणूस बसतो, असा अर्ज कोण घेतं?

शेवटी तिनं आमच्या घरापासून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका पिठाच्या गिरणीमागची वरची खोली घेतली. ही गोष्ट मला ठाऊक होती, गिरणीवाल्याला ठाऊक होती, आणि तलमडुगुकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईला. ही बाई बाजार आटोपला की जिना चढून यायची, उरलेली मेथी कोपऱ्यात टाकायची आणि बहिणीसोबत पापड लाटायला बसायची. बहिणीचं हसणं मी कितीतरी वर्षांनी ऐकलं ते त्या जिन्याखाली उभा असताना.

पापड खपू लागले. ज्वारीचे पापड, मुगवड्या, कुरडया. बाहेरगावी नोकरीला गेलेली आपल्याकडची माणसं मागवायची. मग तीच म्हणाली, भाऊ, एक वेबसाइट करून दे. अट एवढीच घातली की तिच्यावर फोटो नको, गावाचं नाव नको, पत्ता नको. मी पाळली. त्या पानांवर आदिलाबाद हा शब्दसुद्धा नव्हता.

पण वेबसाइटचं नाव घ्यायचं आणि ती ठेवायला जागा भाड्यानं घ्यायची तर त्या कंपनीचा अर्ज भरावा लागतो. मालकाचं नाव, फोन, पूर्ण पत्ता. आधी मी माझं नाव टाइप केलं. मग खोडलं. तेव्हा माझ्या मुलीच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. नवरा सोडलेल्या आत्याचा धंदा बापाच्या नावावर, हे कुठून तरी मुलाकडच्यांच्या कानावर जाईल, असं मनात आलं. आपलं नाव उगाच कशाला. मी तिचं नाव टाकलं, तिचा फोन टाकला आणि पत्त्याच्या रकान्यात हात सुटला. पिठाच्या गिरणीमागे, लोखंडी जिन्यानं वर, डावीकडचं दार.

खाली एक चौकोन होता. ही माहिती खाजगी ठेवायची का? थोडे पैसे जास्त लागणार होते. मला वाटलं, साबणासोबत फणी गळ्यात मारतात तसला प्रकार असेल. शिवाय अर्ज म्हणजे माझ्या डोक्यात एकच चित्र, लाल फडक्याच्या बस्त्यात बांधून कपाटात जाणारा कागद. कंपनीनं मागितलं, कंपनीला दिलं. चौकोन रिकामा सोडला.

तो कागद बस्त्यात गेलाच नाही. तो चव्हाट्यावर लागला. वेबसाइटचं नाव कुणी घेतलं याची एक उघडी नोंद असते, आणि चौकोनात खूण नसेल तर तेव्हा त्या नोंदीत मालकाचा फोन आणि पत्ता जसाच्या तसा दिसायचा. जगात कुठूनही, कुणालाही. हे मला कळायला हवं होतं, कारण दुसऱ्याच दिवशी बहिणीला फोन सुरू झाले. मॅडम, आपने वेबसाइट लिया है, हम डिझाइन कर देंगे. दिवसभर एकामागून एक, वेगवेगळ्या आवाजांत.

ती म्हणाली, "भाऊ, हे लोक माझं नाव घेऊन बोलून राह्यले. यायले माझा नंबर कोनं दिला?"

मी म्हणालो, कंपन्या अशाच असतात, उचलू नको. आणि समोरच्या माणसाचा उत्पन्नाचा दाखला टाइप करत राहिलो.

पाऊस सरून कापूस बाजारात यायला लागला त्या सुमारास तो आला. गिरणीसमोर दळण घेऊन येणाऱ्यांसाठी बाक आहे, त्यावर बसला. सकाळी आला, उन्हं कलल्यावर गेला. आठवड्यानं पुन्हा आला. गिरणीवाल्यानं हटकलं तर म्हणाला, बाक सगळ्यांसाठी हाय ना. बहिणीनं खिडकी लावून घेतली. पापड वाळवायला गच्चीवर जाणं बंद झालं.

पत्ता कुणी दिला, याचा विचार करत ती भाजीवालीवर आली. त्या बाईची भाची पैनगंगेपलीकडे त्याच गावात दिलेली होती. दुसरं कोण सांगणार? मी तिथंच जिन्याच्या पायरीवर उभा होतो. बहिणीनं विचारलं तेव्हा ती बाई आधी हसली, तिला थट्टा वाटली. मग टोपली उचलून म्हणाली, "मी काऊन सांगीन वं? मले काय तो पगार देते?" बहीण म्हणाली, आता इकडं येऊ नको. माझ्या अंगाला अंग घासत ती बाई खाली उतरली. मी सरकून वाट दिली, बस एवढंच केलं.

तोवर मला काही माहीत नव्हतं, असं लिहिता आलं असतं. पण आदल्याच बाजारच्या दिवशी बहिणीच्या नवऱ्यानं मला बसस्टँडजवळच्या टपरीवर गाठलं होतं. फोन पुढं केला. पुतण्यानं कुणाच्या तरी मोबाइलवर पापडाची जाहिरात पाहिली, पापडावरून आणि नावावरून ओळखलं, आणि वेबसाइटचा मालक शोधून दिला. पडद्यावर माझं वाक्य होतं, इंग्रजीत, माझ्याच वळणाचं.

"साळेबुवा," तो म्हणाला, "जिना बी लिहला तुमी. डावीकडचं दार बी. मले कोनाले विचारा लागलं नाई."

मी त्याला चहा पाजला. तिला सांगू नका, म्हणून विनवलं. ती तिथं राहते हे लपवायचं तर केव्हाच हातचं गेलं होतं. मी माझं लपवत होतो. तो हसला आणि चहाचे पैसे मला देऊ दिले. तेव्हापासून दुकानासमोरून जाताना तो मला हात करायचा. मीही करायचो.

त्याच दिवशी मी त्या चौकोनात खूण केली. नोंद झाकली गेली. पण जुन्या नोंदींच्या नकला उतरवून ठेवणारेही असतात, त्यांच्याकडे मागच्या दारानं ती तशीच दिसत राहिली.

बहिणीनं वेबसाइट बंद केली, खोली सोडली. कुठं जाते ते मला सांगितलं नाही. कोणीतरी सांगणारं आहे, मग कुणालाच नको, एवढंच म्हणाली. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायची. माझ्या मुलीचं लग्न झालं, त्यालाही आली नाही. मी लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं.

पुढं एकदा दुपारी तिचा फोन आला. पुन्हा पापड सुरू केले होते आणि या वेळी वेबसाइट तिची तीच करत होती. "भाऊ, पत्त्याचा रकाना आला. तिथं काय भरू?"

मी सांगितलं, खोटा भरू नको, तपासणी झाली तर वेबसाइटचं नाव हातचं जातं. पण घरचाही भरू नको. पोस्टात भाड्यानं पेटी मिळते, तिचा भर. फोनसाठी वेगळं सिम घे, ईमेल वेगळा उघड. खाली एक चौकोन येईल, खाजगीचा, तिथं खूण केल्याशिवाय पुढं जाऊ नको.

"काऊन? त्यानं काय होते?"

एवढ्यावर थांबता आलं असतं. मोठ्या भावाचं ती ऐकते. पण तिनं विचारलं आणि मला जाणवलं, की एवढा सगळा जप मी का केला याला दुसरं उत्तरच नाही. समोर एक बाई रेशनकार्डातलं नाव दुरुस्त करायला बसली होती. तिच्यादेखतच मी बोललो. मागच्या वेळी मी खूण केली नव्हती. पत्ता मीच लिहिला होता. जिना, दार, सगळं. माझं नाव वाचवायला तुझं टाकलं.

 

"आन मी तिले बोलली," बहीण म्हणाली. माझ्याबद्दल एक शब्द नाही. मग म्हणाली, तू जा त्या भाजीवालीकडं, मी तोंड दाखवायसारखी नाई राह्यली.

मी गेलो. भाजीबाजारात ती बाई वांगी तोलत होती. गिऱ्हाईक गेल्यावर सांगितलं. तिनं तराजू खाली ठेवला नाही. म्हणाली, मले तर माहीत होतं मी सांगतलं नाई ते, आता तुमाले माहीत झालं. घ्यायचं काय हाय? मी वांगी घेतली. बहिणीचा नंबर देऊ का म्हणून विचारलं. ती म्हणाली, तिनं द्यावा. पुढं दोघींत काय झालं, मला ठाऊक नाही.

बहिणीचा नवरा अजून कधीमधी येतो. गिरणीसमोरच्या बाकावर बसतो, मग माझ्या दुकानाशी येऊन विचारतो, कुठं हाय? मी माहीत नाही म्हणतो, आणि ते खरं असतं. तिनं ते तसंच ठेवलंय.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. वेबसाइट सुरू झाली होती. नाव सांगून म्हणाली, "टाकून पाह्य. मी सापडते का?"

टाकलं. मालकाच्या जागी पडदा धरणाऱ्या कुठल्याशा कंपनीचं नाव आणि परदेशातला पत्ता. जुन्या नकला ठेवणाऱ्यांकडेही पाहिलं.

"नाई सापडत."

"गाव?"

"गाव बी नाई."

"नीट पाह्य. तुले पत्त्यातलं कळते."

मी पुन्हा पाहिलं. माझ्या सगळ्या सवयीनिशी पाहिलं. "नाई बाई. कायबी नाई."

"बरं," ती म्हणाली. तिच्यामागं कुठं तरी भोंग्यावरून बसची घोषणा सुरू झाली, तेलुगूत. आता सुटणाऱ्या गाडीचं गाव येणार होतं. माझा कान आपोआप तिकडं गेला. ते ऐकू येण्याआधी मी मोठ्यानं बोलायला लागलो, यंदा ऊन चांगलं पडलं का, पापड वाळले का, असं काहीबाही.