गणतीत राहिलेली मुलगी

अर्जुनी मोरगावच्या तहसीलबाहेर मी जुन्या नोंदींच्या नकला घेऊन बाकावर बसलो होतो. आजोबांची बहीण लहानपणीच वारल्याची नोंद एका कागदावर होती, आणि त्यानंतरच्या गावच्या शिरगणतीत तीच बहीण घरात जिवंत दाखवली होती. कारकुनाची चूक समजून मी तयार करत असलेल्या वंशावळीत त्या गणतीच्या सालापुढे लिहिलेलं तिचं नाव खोडायला लागलो.

"काऊन खोडून राहिला बापू?" शेजारच्या म्हातारीनं विचारलं. नवेगाव बांधहून आलेली ती बाई पदराच्या टोकाला गाठ मारायची आणि पुन्हा सोडायची. मी तिला सगळा घोळ सांगितला.

ती म्हणाली, "माही मोठी पोरगी तापानं गेली. त्याच साली गणतीवाला मास्तर घरी आला. लेकरं किती, म्हणे. दोन सांगाले जीभच नाही वळली. तीन सांगतले."

"घरातलं कोणी काही बोललं नाही?"

"मालक बाजूलेच होते. खाली पाहत राहिले."

माझ्या पणजीनंही तसंच सांगितलं असेल का, हे कोणताच कागद सांगणार नव्हता. तरी मला पुढे खोडवेना.

"काय नाव होतं तिचं, आजी?"

"बिजली," म्हातारी म्हणाली, आणि माझ्याकडे वळून नीट बसली. "आता कोनी इचारतच नाही."