वाशीच्या खाडीवरचं गाऱ्हाणं

"चल गो, तुका माझो पूल दाखयतंय," रविवारी सकाळी बाबा म्हणाले आणि मी आईच्या मागे लपले.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. संपात गिरणी गेली, तेव्हापासून बाबा सुतारकाम करत. आता वाशीच्या खाडीवर जुन्या पुलाशेजारी दुसऱ्या पुलाचं काम निघालं होतं आणि काँक्रीट ओतायचे साचे बाबा बांधत होते. आमच्या घाटकोपरच्या चाळीत मात्र एकच चर्चा: पुलाच्या पायात मूल पुरल्याशिवाय तो उभा राहत नाही! मी दहा वर्षांची, चाळीत सगळ्यात हडकुळी. पुरायला सोपी.

मानखुर्दपर्यंत बस, पुढे चालत. तुम्ही जाणार असाल तर ओहोटी साधा, खांब तेव्हाच बुडापासून दिसतात. चिखलाचा वास सोसावा लागेल. वाटेत बाबांनी न मागता वडापाव घेऊन दिला. बळीच्या बोकडालाही आधी खाऊ घालतात, हे मला ठाऊक होतं. मी वडापाव तसाच हातात धरून चालत राहिले.

जुना पूल होण्याआधी पलीकडे जायला ठाण्याचा वळसा पडायचा, बाबा सांगत होते. नवा कसा होणार, तेही त्यांनी हात पसरून दाखवलं. खांबाच्या दोन्ही अंगांना कावडीसारखं समसमान वजन वाढवत न्यायचं, आत पोलादी तारा ताणायच्या. माझं लक्ष पायाच्या खड्ड्याकडे होतं.

काठावर मालवणचे मुकादम नारळ घेऊन उभे होते. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा खाडीच्या राखणदारा, ह्या चेडवाक आज तुझ्या पायाशी आणलंय..."

"व्हय महाराजा!" बाबा म्हणाले.

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मीच. मी धूम ठोकली. बाबांनी मला रस्त्यावर गाठलं.

"खंय पळतंस गो?"

"बाबा, मला नका ना पुरू!"

बाबा मटकन खाली बसले.

"अगो, भिया माका वाटता. माका पोहूक येणा नाय. देव पोरांचा ऐकता, म्हणान तुका आणलंय."

बाबाही घाबरतात, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही परत काठावर गेलो. मुकादमांनी राहिलेलं पुरं केलं, "हिच्या बापाशीक रोज सुखरूप घराक धाड." ह्यावर 'व्हय महाराजा' म्हणायची पाळी माझी होती, पण मी नुसती बाबांचा हात धरून खाडीकडे बघत राहिले.

घरी आईनं विचारलं, "कसा होता पूल?"

"मोठा."

सोमवारी सकाळी बाबांच्या चपला सापडेनात. आई ओरडत होती. बाबांनी पाण्याच्या पिंपामागून त्या काढल्या, माझ्याकडे बघितलं आणि पायात घातल्या. ते जिना उतरायला लागले, तेव्हा मी कठड्यावरून ओरडले, "व्हय महाराजा!"