ट्रंपेटवाले मास्तर

"गाल फुगवू नका रं! वारा पोटातनं येऊ द्या," असं म्हणत मास्तर समोरच्या पोराच्या दोन्ही गालांवर बोटं टेकवायचे. मग गालांची फुगायची काय बिशाद!

राहात्याजवळच्या आमच्या शाळेत आम्ही शिक्षक पुष्कळ, पण 'मास्तर' म्हटलं की ते एकटेच. उभी हयात त्यांनी वरातीत ट्रंपेट वाजवला. डीजे आले आणि त्यांची बँड पार्टी मोडली. मुलांसाठी एक दिवसाची बँड कार्यशाळा घ्यायची म्हणून मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते शेळीला पाला घालत होते.

"कार्यशाळा म्हंजी?"

"मुलांना वाजवायला शिकवायचं."

"मंग तसं बोला की, बाई."

सकाळी ड्रम होते. आधी त्यांनी पोरांना ड्रम वाजवत चालायला लावलं. पण जन्म वरातीत गेलेला माणूस! चार पावलं चालायचे आणि थांबायचे, नाचणाऱ्यांना जागा द्यायला. पोरंही तशीच थांबायला लागली. आमचे हेडसर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो मास्तर, अशानं सव्वीस जानेवारीची फेरी सत्तावीसला परत येईल!" मास्तर स्वतःच खो खो हसले.

दुपारी ट्रंपेट निघाले. पोरं फुंकून फुंकून लाल झाली, आवाज मात्र म्हशीचा. "मास्तर, तुमी वाजवा की!" असा गलका झाला. मास्तर टाळत होते. "आज तुमचा दिस हाय," म्हणायचे आणि दुसरीकडे वळायचे. मला नवल वाटलं. एरवी हा माणूस ट्रंपेट हातात आला की ऐकायचा नाही.

त्यांचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला बाजूला घेतलं. "बाई, त्यांना वाजवू देऊ नका. म्होरचे दात हालत्यात. जोर लावला तर पडतील, म्हनलाय डॉक्टर. दात गेले की ट्रंपेट बंदच."

मी लगबगीनं मास्तरांकडे गेले. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी म्हणाली, "आमी खरा ट्रंपेट ऐकलाच न्हाई. मोबाईलवर ऐकलाय."

मास्तरांनी ट्रंपेट उचलला. मी म्हटलं, "मास्तर, राहू द्या. काकूंनी सांगितलंय मला."

"बाई, मी आसताना ह्यांनी मोबाईलवर ऐकायचं व्हय?"

त्यांनी नवरीच्या पाठवणीची चाल धरली. तुम्हीही ती ऐकली असेल, मांडवात सगळ्यांना रडवणारी. मधेच सूर चिरकला आणि तुटला. मास्तरांनी पाठ फिरवून तोंडाला रुमाल लावला. पोरांना वाटलं, चाल संपली. त्यांनी टाळ्यांचा नुसता कडकडाट केला. मला मेलीला टाळी वाजवता येईना, डोळे भरून आले होते.

रुमाल खिशात कोंबून मास्तर वळले. "आसा वाजतो खरा," एवढं त्या मुलीला म्हणाले आणि ट्रंपेट तिच्या हातात दिला.

पुढं कवळी बसवली. तिच्यावर सूर काही लागला नाही. बाजारात भेटले की म्हणायचे, "पोरांनी ऐकला ना? बास झालं."

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. त्यांचे जुने साथीदार कुठून कुठून वाद्यं घेऊन आले, राहात्याचे, देवळालीचे. अंत्ययात्रेत सगळे वाजवत होते. मास्तरांच्या ट्रंपेटची पाळी आली की मात्र बाकीचे थांबायचे, फक्त ड्रम हळू चालू राहायचा. ट्रंपेट दोघांच्या हातात होते. ते त्यांनी तोंडाला लावले नाहीत.