भेगेवरच्या खुंट्या

कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत बारा घरांची एक वाडी आहे. तिथल्या भागोजीला लोक हसून 'खुंटीवाला' म्हणतात. पावसाळा लागला की तो रोज वाडीच्या माथ्यावर चढतो. तिथे जमिनीला एक भेग आहे. तिच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या खुंट्या ठोकून त्याने मध्ये दोर बांधला आहे. दोर ताणला, म्हणजे डोंगर सरकला. मग भागोजी थाळी बडवतो आणि सगळी वाडी खाली शाळेत जाते. खुंट्या ठोकल्यापासून तीनदा गेली. दरड काही आली नाही.

यंदा आषाढात दोर तुटलाच. लोक कुरकुरत निघाले. भागोजीची भावजय ठमाबाई मात्र गोठ्याच्या दारात बसून राहिली.

"म्हस आज-उद्या व्यायची हाय. मी नाय येत, भावजी. तुमचा दोर दरसाल ताणतो."

तिचा नवरा गणू पाच वर्षांपूर्वीच्या दरडीत घरासकट गेला होता. ती तेव्हा लावणीला खाली खाचरात होती, म्हणून वाचली. आता हीसुद्धा जाईल, अशी भीती भागोजीला वाटली. तो तिच्यासमोर चिखलातच बसला.

"वयनी, तवा गणूच्या घरामागं भेग पडलीवती. मी बघितलीवती."

भागोजीने एक बोट वर केले.

"बोटभर होती. खेकड्यानं बांध पोखरला की आपण बुजवतो ना, तशी चिखल-दगड ठासून बुजवली. लावणीची घाई होती. कुणाला बोललो नाय. चौथ्या दिवशी..."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"पाच वरसं माझ्या हातची भाकर खाल्लीत," ठमाबाई म्हणाली, "आन तोंड उघडलं नाय?"

ती उठली. तिने म्हैस सोडली.

"मागनं हाका तिला. घसरली तर बघा."

म्हैस शाळेच्या पडवीत व्याली. दरड याही वेळी आली नाही. चौथ्या दिवशी ऊन पडले. लोक परत निघाले, तसा शेजारचा राजेंद्र हसला, "काय खुंटीवाले, डोंगर हाय ना जागेवर?"

उत्तर ठमाबाईने दिले.

"हाय, म्हणून तू हसतोयस." मग कोणाकडेही न पाहता ती म्हणाली, "एकाला दिसलं आन त्यानं पोटात ठेवलं, असं परत नको. भेग बघायला दर घरानं पाळी लावा. उद्या मी जाते."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच वर गेली. भागोजीने नवा दोर वळून तिच्या दारात ठेवला होता. तो तेवढा तिने नेला.