समुद्रकाठच्या घागरी

१९७३ सालची दिवाळी आठ दिवसांवर आली होती आणि मी मुद्देमालाच्या खोलीत जप्त मालाला लाखेची मोहोर लावत होते. इतक्या वर्षांनीही ती सकाळ मनातून जात नाही.

मी तेव्हा सोलापुरात फौजदार होते. नवी पेठेतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या घरातून मुंबईहून आणलेलं चित्र चोरीला गेलं होतं. फिर्यादीत वर्णन होतं : समुद्र, होडी, किनाऱ्यावर बारीक माणसं. दोन दिवसांत खबर आली, भवानी पेठेत दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या एका पेंटरच्या भिंतीवर असंच चित्र आहे. पंचनामा केला, लांबी-रुंदी लिहिली. व्यापारी दारातूनच म्हणाला, "हेच की!" पेंटरला अटक झाली.

चौकशीत त्याचं एकच. "बाईसाहेब, म्या काढलंय ते."

"समुद्र कुठं पाहिलास?"

"न्हाय बघितला. कॅलेंडरावर बघितलाय."

"उद्या चंद्रावरची वस्ती बी काढशील!" हवालदार हसला.

"सोडा ओ. दिवाळीचे बोर्ड हायत हातात. चोर म्हणून नाव झालं तर नवी पेठेत कोण उभं करंल मला?"

मी जबाबात लिहिलं, 'आरोपीने समुद्र पाहिलेला नाही.'

तिसऱ्या दिवशी, त्या सकाळी, लेबल चिकटवताना चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं. हिरवट समुद्र, लांबवर होडी. वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या बायका, डोक्यावर भरलेल्या घागरी. पाण्याच्या कडेला रिकाम्या घागरींची रांग, आदल्या वर्षी दुष्काळात टँकरपुढे लागायची तशी. मुंबईचा चित्रकार समुद्रावर पाणी भरायला बायका पाठवणार नाही.

पेंटरला बोलावलं. "ते पाणी खारट असतं, माहीत नाही का तुम्हाला?"

"माहीत हाय की. पर एवढं पाणी काढल्यावर बायका मोकळ्या हातानं कशा उभ्या करू?"

व्यापाऱ्याला विचारलं, तुमच्या चित्रात बायकांच्या डोक्यावर काय होतं?

"बायका न्हवत्याच. कोळी होते, जाळं वढत." तो चित्राजवळ गेला, वाकला. "हे आमचं न्हवं."

त्याच दुपारी कोर्टात अहवाल देऊन पेंटरला सोडवलं. खरा चोर सापडला नाही, पण खंत त्याची नाही. ओळख पटवणारा माणूस वस्तू बघतो की नुसती मान हलवतो, हे पुढे प्रत्येक तपासात मी पाहिलं. त्या वेळी मात्र चित्र पहिल्या दिवसापासून माझ्याच ताब्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्दीत नवी पेठेत गेले. दुकानादुकानांत सांगितलं, तो माणूस निर्दोष आहे.

"बरं झालं की, बाईसाहेब. चहा घ्या," एक दुकानदार म्हणाला. त्याच्या दारावर शिडी लावून दुसराच पेंटर बोर्ड रंगवत होता.

चहा न घेता मी पुढच्या दुकानात गेले.